हजेरीभाऊ

हजेरीभाऊ हळू बोलतो आहे, असं मी पहिली तीसएक वर्षं कधी ऐकलं नाही. त्याचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरायचो, तरी स्वयंपाकघरातून बायको त्याला उत्तर द्यायची. कोणाची चहाडी सांगायची झाली तर तो तोंडावर आडवा हात धरायचा, आवाज मात्र तोच. त्यामुळे ज्याची चहाडी असेल त्यालाच ती पहिल्यांदा कळायची. मुलगी पाहायला गेला तेव्हा त्याने "नाव काय तुमचं?" असं विचारलं आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीने आपलं नाव सांगितलं. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा, अर्थात ओरडून. डावा कान गेला म्हणून असा बोलतो, अशी गावाची समजूत होती. खरं कारण त्याला अर्धं ठाऊक होतं आणि मला पूर्ण.

त्याच्या चेहऱ्याबद्दल आधी सांगून टाकतो, कारण त्याला भेटणारा माणूसही आधी तेच पाहायचा. बाराव्या वर्षी मोहाच्या झाडाखाली अस्वलाने त्याचा डावा डोळा, अर्धा कान आणि गालाचं मांस नेलं. डॉक्टरांनी जमेल तसं शिवलं. ओठ वर ओढला गेला तो तसाच राहिला, त्यामुळे तो रागावला तरी हसतोय असं वाटायचं. गॉगल त्याने कधी लावला नाही. नवीन माणूस समोर आला, विशेषतः लहान पोरं, की तो स्वतःच खाली बसायचा आणि म्हणायचा, "पाहून घ्या एकदा निवांत. मंग बोलू." पोरं खरंच निवांत पाहायची, एखादं पोर बोटही लावून बघायचं, आणि मग तो विषय संपायचा. आमच्याकडे अस्वलाचा असा माणूस दर चार-पाच गावांत एखादा असतोच, पण बाकीचे तोंड झाकून बसतात.

आमचं गाव नागभीडहून आत, जंगलाला पाठ लावून बसलेलं. पुढे धानाच्या बांध्या, मागे झाडी. आम्ही दोघं एकाच मोहल्ल्यातले, विहाराच्या डाव्या अंगाला त्याचं घर, उजव्या अंगाला माझं. मी शिकलो, ऊर्जानगरला वीज केंद्रात लागलो, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर पाळी करता करता केस पिकवले आणि कंपनीच्या बसमध्ये झोपायला शिकलो. तो गावातच राहिला. अडीच एकर धान, दोन बैल, आणि वर्षातून दीड महिना एक असं काम, ज्याचं त्याला कोणी काही देत नव्हतं. त्या कामामुळेच त्याला हे नाव पडलं.

एप्रिलमध्ये मोहा पडायला लागला की आमच्याकडच्या बाया पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जातात. फुलं उजाडायच्या सुमारास टपटप गळतात आणि ऊन चढलं की सुकायला लागतात, म्हणून लवकर जावं लागतं. अस्वलालाही हे सगळं माहीत असतं. आता तर वाघही वाढलेत. तर या बायांना हजेरीभाऊ विहाराच्या ओट्यापाशी थांबवायचा, नावं घ्यायचा, चार-चारची टोळी करायचा आणि मगच सोडायचा. स्वतः शिटी आणि काठी घेऊन पुढे. सुरुवातीला बाया चिडायच्या. "आमाले का शाळेत घालून राह्यला का भाऊ?" तो म्हणायचा, "शाळेत नाई आली त मास्तर मारते. इथी नाई आली त मार खायलेबी उरत नाई." नंतर वनखात्याने वाघ-अस्वलावर नजर ठेवायला गावागावांत दलं काढली, त्याला हिरवं जाकीट मिळालं. जाकीट तो लग्नालाही घालायचा.

मोजायची त्याला सवयच जडली. बसमध्ये चढला की आमच्या गावची माणसं मोजायचा. वरातीला गेलो की जेवणाच्या पंगतीत मागून फिरायचा आणि मोठ्याने सांगायचा, "एकोणीस आलो, एकोणीस जाऊ." एकदा मुलीकडच्यांना वाटलं, पानं मोजतोय. बरीच बोलाचाली झाली, शेवटी त्याच्या आईनेच मध्ये पडून निस्तरलं. माझ्याकडे ऊर्जानगरला आला की चप्पल काढायच्या आधी दारातून बोट फिरवायचा, मी, बायको, दोन्ही पोरं. "चार. बरोबर." मगच आत.

त्याच्या आईला सगळा मोहल्ला बाई म्हणायचा, मीही. उंच, काटक, धानाच्या रोवण्याला उतरली की तरुण पोरींना मागे टाकणारी. बाईंचा माझ्यावर फार जीव. इतका की मला तो सोसायचा नाही. नवा तांदूळ निघाला की पायलीभर माझ्याकडे यायचा, लाखोळीची डाळ यायची, कोणी चंद्रपूरकडे निघालेला दिसला की त्याच्या हाती पिशवी जायची. गावात पाहुणा आला आणि मी तिथे असलो की बाई माझ्या दंडाला धरून सांगायच्या, "हा पोट्टा नसता त माया लेकरू नसता." मी खाली मान घालायचो. लोक म्हणायचे, पोरगा किती साधा आहे.

आता तो दिवस सांगतो. आम्ही दोघं बारा वर्षांचे. माझी आई माहेरी गेलेली, म्हणून मी त्यांच्याच घरी झोपायला होतो. बाईंनी आम्हाला उठवलं आणि टोपल्या देऊन दोघांनाच पाठवलं. मोहाची झाडं घरागणिक ठरलेली असतात. त्यांची दोन झाडं होती, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. झाडाखाली वाकून फुलं वेचायची तर पाठीमागे काही दिसत नाही, म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. थोड्या थोड्या वेळाने एकाने हाक मारायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. ओ आली की पुन्हा खाली वाकायचं. नाही आली तर टोपली टाकायची आणि तिकडे जायचं. हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत होतं.

आदल्या दिवशी त्याने बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या पोरींसमोर सांगितलं होतं की मी जंगलात घाबरून चड्डी ओली केली. केली होती, खोटं नव्हतं. पण पोरी हसल्या होत्या आणि माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. म्हणून त्या पहाटे त्याने हाक मारली तेव्हा मी ओ दिली नाही. आता तू घाबर, असा माझा हिशेब. मी वारुळामागे दडून बसलो. त्याने दुसऱ्यांदा मारली, आवाज जरा चढलेला. मी तोंडावर हात धरून हसत होतो. तिसरी हाक माझ्या नावाची होती. मग टोपली आपटल्याचा आवाज आला आणि तो माझ्या झाडाकडे यायला लागला. मी झाडावर चढलो असेन असं वाटून तो वर बघत येत होता. फुलं खायला आलेलं अस्वल खाली होतं, झुडपाच्या पलीकडे. मलाही दिसलं नव्हतं, एवढं मात्र खरं आहे.

पुढचं मी पाहिलं, आणि मला ते लिहायचं नाही. मी ओरडलोसुद्धा नाही. जेव्हा पाय हलले तेव्हा गावाकडे पळालो. माणसं काठ्या घेऊन आली, अस्वल निघून गेलेलं, तो जिवंत होता. त्याला बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपमध्ये घालून नेलं. बैलगाडीजवळ उभ्या असलेल्या कोणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "पोट्टा धावत आला म्हणून वाचला." ते वाक्य गावाने उचललं. मी ते खाली ठेवू दिलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व.

पण खरा गुन्हा त्यानंतरचा. महिन्याभराने त्याला दवाखान्यात भेटायला नेलं. अर्धा चेहरा पट्टीत. मला पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, "मी हाक देली होती ना?"

मी म्हटलं, "मले आयकू नाई आली."

बारा वर्षांच्या पोराला हे वाक्य इतकं सहज सुचलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मग तो म्हणाला, "माया आवाजच बारीक हाय." आणि घरी आल्यापासून तो ओरडून बोलायला लागला.

तीस वर्षांत मी किती वेळा सांगायचं ठरवलं, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सांगितलं नाही. लग्न झाल्यावर बायकोला सांगेन म्हटलं, नाही सांगितलं. पाळी संपवून बसमध्ये बसलो की डोळे मिटायचे आणि ती तिसरी हाक ऐकायची, हा माझा रोजचा प्रवास. माणूस अपराधाने झिजतो वगैरे म्हणतात, मी काही झिजलो नाही. नोकरी केली, पोरं शिकवली, वजन वाढलं. फक्त थकलो. बाईंच्या पाठवलेल्या तांदळाचा भात जेवायला बसलो की घास तोंडात फिरत राहायचा आणि बायको म्हणायची, अहो, इतका चांगला चिन्नोर, तुम्हाला चवच नाही.

नऊ वर्षांपूर्वी गावच्या शाळेने हजेरीभाऊला पोरांपुढे बोलायला बोलावलं, वाघ-अस्वलापासून कसं जपायचं यावर. मी सुट्टीवर होतो, मलाही ओढून नेलं आणि खुर्चीवर बसवलं. तो हिरवं जाकीट घालून उभा राहिला. माईक त्याला लागत नव्हताच. "पोट्टेहो, मी तुमच्यायेवढा होतो. हाक देली पन बारीक देली. या माया दोस्ताले आयकू नाई गेली, त्याचा का दोष? तरी धावला, तरी मले वाचवलं. तुमी बारीक नोका देत जाऊ. जोरात देत जा. आता द्या, सगळे मिळून." शंभरेक पोरं एका सुरात ओरडली. मग त्याने माझ्याकडे हात करून टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या.

परत येताना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मी त्याला थांबवलं. दुपारची वेळ, पाणी बरंच खाली गेलेलं, म्हशी बसलेल्या. मी उजव्या बाजूला उभा राहिलो, त्याला नीट दिसेन असा, आणि सांगितलं. बोअरिंगवरच्या पोरींपासून दवाखान्यापर्यंत, सगळं. संपल्यावर त्याने विचारलं,

"कितीदा हाक देली होती मी?"

"तीनदा."

"तिन्ही आयकू आल्या तुले?"

"आल्या."

"सप्पा साफ?"

"साफ."

"म्हणजे आवाज बरोबर होता माया," तो म्हणाला. आणि हे तो हळू म्हणाला. इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं.

मला वाटलं आता मारेल, शिव्या देईल, निदान रडेल. मी त्याची वाट बघत होतो, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. त्याने जाकिटाची चेन वर-खाली केली आणि म्हणाला, "तू मोकळा व्हायले आला असशील त मी नाई करत तुले मोकळं. मी झालो का? आन् एक आयक. मायले सांगजो नोको. दोस्त बरा भेटला म्हणून लेकरू वाचलं, येवढ्यावर जगून राह्यली ती. ती हाय तवरी तोंड उघडू नोको. दे शबूद." मी शब्द दिला. तो पाळीवरून एकटाच खाली उतरला. माणसं मोजल्याशिवाय कुठूनही न हलणारा माणूस मागे न बघता गेला.

वर्षभर फोन नाही, येणं नाही. बाईंचा तांदूळ मात्र आला, म्हणजे त्याने खरंच काही सांगितलं नव्हतं. मी गावाला गेलो तर तो बांधीकडे निघून जायचा. मग एके दिवशी डोळ्याच्या खोबणीत पू झाला म्हणून चंद्रपूरला दाखवायला आला होता, तो थेट आमच्या दारात उभा. थोरला पोरगा तेव्हा शिकायला पुण्याला गेलेला. हजेरीभाऊने बोट फिरवलं, थांबला. "तीन? एक कुठी गेला?" बायकोने सांगितलं तेव्हा आत आला. जेवला, बायकोशी नेहमीसारखं ओरडून बोलला, माझ्याशी मात्र हळू. त्या दिवसानंतर तो माझ्याशी नेहमी हळूच बोलायचा. हा राग होता की आणखी काही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायचा मला अधिकार नव्हता.

त्या एप्रिलमध्ये फोन आला. "सुट्टी टाक. माणूस कमी हाय." मी टाकली. त्याने मला टोळीच्या अगदी शेवटी ठेवलं. पुढे तो, मध्ये बाया, शेवटी मी. शेवटच्याचं काम म्हणजे मागे पाहत राहायचं आणि प्रत्येक हाकेला सगळ्यांच्या ओ आल्या की नाहीत, ते मोजायचं. पहिल्या दिवशी माझे पाय लटपटत होते. झाडाझाडाखाली पसरलेल्या त्या बायांमध्ये एकीची ओ यायला जरा उशीर झाला की मी तिकडे चालायला लागायचो. हजेरीभाऊ लांबून बघत होता. परतताना एवढंच म्हणाला, "सकाळी काई खाऊन येत जाय." पुढची सात वर्षं मी दर एप्रिलला दहा-बारा दिवस जात राहिलो. साहेब विचारायचे, इतक्या उन्हात गावाला काय ठेवलंय? मी म्हणायचो, मोहा. माफी हा शब्द त्याने कधी उच्चारला नाही, मी दोन-चारदा तोंडापर्यंत आणून गिळला. आम्ही बोलायचो ते फुलं किती पडली, कोणत्या नाल्यात पंजा दिसला, कोणाच्या सुनेने चप्पल न घालता यायचं बंद करावं. आयुष्यात इतकं शांत मी कुठे राहिलो नाही.

गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत तो बांधावर बसला तो उठला नाही. छातीत कळ. त्याची बायको पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. शेवटी आजूबाजूला चार माणसं होती, तो एकटा नव्हता, हे मला तिथल्या प्रत्येकाने सांगितलं. आईच्या आधी लेक जाईल, हे आमच्या दोघांच्याही हिशेबात कधी आलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी दारासमोर मांडव होता. फोटो त्याने जपून ठेवलेला, हिरव्या जाकिटातला. त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली, मग रीतीप्रमाणे लोक दोन-दोन शब्द बोलायला उठले. सरपंच बोलले, शाळेचे मास्तर बोलले. मला बोलवतील हे ठाऊक होतं. त्याच्या सवयी सांगायच्या, पंगतीतला किस्सा सांगायचा, लोक थोडे हसतील, मग खाली बसायचं, असं मी बसमध्ये ठरवून आलो होतो. शब्द दिलेला होता आणि बाई समोर पहिल्या सतरंजीवर बसलेल्या होत्या. ऐंशीच्या जवळ आलेल्या. लेक गेल्यापासून त्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, सगळ्यांना त्याची काळजी होती.

माझं नाव पुकारायच्या आधी बाईच म्हणाल्या, "मले द्या तो भोंगा." नातीने माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

"मी कधी सांगितलं नाई," बाई म्हणाल्या. "तवा आपली रीत होती, मोठं माणूस संग असल्याबिगर पोट्टे मोहावर जात नाई. सप्पाले मालूम होतं, मलेबी मालूम होतं. आदल्या दिवशी आमच्या झाडाखालची फुलं कोणीतरी येचून नेली होती. म्हणून मी दोन लेकरायले अंधारात उठवलं, जा म्हणलं, लोकायच्या आंधी जा. एक त लोकाचं लेकरू होतं. यानं वाचवला माया पोराले," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "आन् मी धाडला. माया लेकराचं तोंड मी खाल्लं, अस्वलानं नाई. चाळीस वर्सं त्याच्या तोंडाकडे पाहून मी त्याले वाढलं. आता तो गेला, आता सांगून राह्यली."

हजेरीभाऊने मला गप्प बसवलं ते हिच्यासाठी. पण त्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही तिचं ज्यापासून रक्षण करत होतो ते भलतंच होतं, आणि ती भलत्याच ओझ्याखाली चाळीस वर्षं उभी होती. मी गप्प राहिलो तर ती ते घेऊनच जाणार होती.

मी उठलो. माईक घेतला नाही. त्यांच्या समोर जाऊन मांडी घालून बसलो, पण मांडव शांत होता, सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

"बाई, तुमच्यामुळं नाई झालं ते," मी म्हटलं. "त्यानं मले तीन हाका देल्या. मले तिन्ही आयकू आल्या. मी मुद्दाम ओ नाई देली, रुसलो होतो त्याच्यावर. मले काई झालं असंन म्हणून तो मले पाहाले आला. तवा अस्वलानं धरला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं हाक देली होती?"

"होय बाई."

"बारीक नाई देली?"

"नाई. चांगली देली."

"आन् मंग तुयापाशी आला."

"आपल्या मनानं आला. तुमी फक्त मोहा येचायले धाडलं होतं. तो आपल्या झाडाखाली राह्यला असता त काईच नसतं झालं त्याले."

बाईंनी पदर तोंडावर घेतला आणि त्या रडल्या. आठवडाभर अडकलेलं ते रडणं मोठ्याने बाहेर आलं, बाया धावल्या, कोणी पाणी आणलं. मी तिथेच बसून होतो. मागून कोणीतरी माझ्या नावाने काहीतरी बोललं, ते योग्यच होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी पदर काढला. माझ्याकडे न बघता त्या नातीला म्हणाल्या,

"याले जेवाले वाढ. उपाशी नोको जाऊ देऊ. आन् मंग सांग याले, आता येत नोको जाऊ."

नातीने वाढलं. माझ्या दोन्ही बाजूंची माणसं उठून दुसरीकडे बसली. मी जेवलो, पानात काही टाकलं नाही, हात धुतले आणि मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिलो. आत बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकट्या, डोळे पुसत. शब्द मोडला म्हणून हजेरीभाऊने मला फाडून खाल्लं असतं आणि मग मायजवळ जाऊन बसला असता. त्या दुपारी तिच्याजवळ बसायला तो नव्हता, आणि मला तिथे जागा नव्हती.